टीव्हीचा उशीर, पोरांच्या माथी

माझ्या संशोधनाचा गोषवारा लिहून तयार होता. मराठी माध्यमातून आलेली मुलं आणि इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं, शब्द आणि रंग यांची ओढाताण झाली की कोण किती अडखळतं, असा विषय. शेवटून दुसरं वाक्य असं होतं : 'मराठी माध्यमाच्या गटाचा प्रतिक्रिया काल सर्व प्रकारच्या उद्दीपकांसाठी सरासरी ७१ मिलिसेकंदांनी अधिक आढळला.' उद्दीपक म्हणजे पडद्यावर जे दाखवतो ते. संख्याशास्त्रीय चाचणी नीट लावलेली, पी मूल्य (नुसत्या योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता) मिरवावं इतकं कमी. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. ते वाक्य टाइप करताना हात जड झाला होता, पण आकडे आहेत ते आहेत म्हणून ठेवलं.

ते ७१ मिलिसेकंद मुलांचे नव्हतेच. भिंतीवर टांगलेल्या एका टीव्हीचे होते. हे कळायला मला दीड महिना, एक सोल्डरिंग गन आणि पुण्याहून मागवलेला कडधान्याच्या दाण्याएवढा एक भाग एवढं लागलं.

मी सांगलीत मानसशास्त्र शिकवते. प्रॅक्टिकलसाठी आमच्याकडं जुनी उपकरणं होती. आरशात बघून चांदणी गिरवायचं खोकं, स्मृतीचा ड्रम, आणि प्रतिक्रिया काल मोजायचा क्रोनोस्कोप. दिवा लागला की प्रयुक्तानं, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चाललाय त्यानं, बटण दाबायचं, काटा थांबायचा, आकडा जर्नलमध्ये उतरवायचा. मी विद्यार्थिनी होते तेव्हापासून हे असंच चाललेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं कपाट बुडालं. खोकं वाळवून परत वापरात आलं, ड्रम गंजला तरी फिरतो, क्रोनोस्कोप मात्र गेला तो गेलाच. नवीन घ्यायचा म्हणजे तीन कोटेशनं, मंजुरी, पुढचं आर्थिक वर्ष. संगणक होते. मग संगणकावरच करू म्हटलं.

प्रयोग स्ट्रूपचा. 'लाल' हा शब्द निळ्या अक्षरात दाखवायचा आणि प्रयुक्तानं शब्द न वाचता अक्षरांचा रंग सांगायचा. १९३५ साली स्ट्रूपनं हे छापील तक्त्यांवर केलं होतं. नुसत्या चौकोनांचे १०० रंग सांगायला सरासरी ६३ सेकंद लागले, आणि उलटसुलट शब्दांचे १०० रंग सांगायला ११०. म्हणजे एका शब्दामागं जवळपास अर्धा सेकंद. तेवढं स्टॉपवॉचवर सहज दिसतं. पण आता आपण एकेक शब्द दाखवतो, उत्तर बटणावर घेतो, आणि फरक येतो शंभरेक मिलिसेकंदांचा. त्यात दोन गटांमधला फरक शोधायचा म्हणजे दहा-वीस मिलिसेकंदांची बात. इथं मोजमाप ढिलं असून चालत नाही.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. 'मावशी, दहा ओळींचं काम आहे,' म्हणाला, आणि चाळीसेक ओळींत करून दिलं. पडद्यावर शब्द येतो, बटण दाबलं की वेळ फाइलमध्ये जातो. मी स्वतःवरच दोनशे वेळा चालवलं आणि आकडे एक्सेलमध्ये ओढले. ४६९, ४८४, ५१६, ५००, ४८४, ५३१, ५१६. वाचता वाचता काहीतरी खटकलं. ४९० कुठंच नाही. ५०५ नाही. आकडे चढत्या क्रमानं लावले तर दोन शेजाऱ्यांमधलं अंतर दर वेळी १५, नाही तर १६. आलेख काढला तर टेकडीच्या जागी कंगवा उभा.

कारण साधं निघालं. भाच्यानं जे फंक्शन वापरलं होतं ते विंडोजचं रोजच्या वापरातलं घड्याळ वाचत होतं, आणि ते घड्याळ सेकंदाला ६४ वेळा पुढं सरकतं, म्हणजे १५.६ मिलिसेकंदांनी एकदा. मधल्या काळात काय घडलं ते त्याला कळतच नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पट्टीवर नुसते फूट रंगवले आणि इंच गाळले तर पावसाळ्यात सांगलीकरांची जी गत होईल तीच. पाणी ३९ फुटांवर आहे की इशाऱ्याच्या ४० ला टेकायला आलंय, सांगणार कोण? पायथॉनमध्ये (भाच्यानं वापरलेली प्रोग्रामिंगची भाषा) २०१२ पासून दुसरं एक घड्याळ आहे, परफ काउंटर नावाचं, बरंच बारीक. चाळीस ओळींत दोन शब्द बदलले आणि कंगव्याची टेकडी झाली. भाचा म्हणाला, झालं. मीही म्हटलं, झालं.

झालं नव्हतं. घड्याळ बारीक झालं, पण ते सुरू कधी करायचं हा प्रश्न तसाच होता.

प्रोग्राम 'शब्द दाखव' म्हणतो त्या क्षणी शब्द दिसत नाही. साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे १६.७ मिलिसेकंदांना एकदा. सांगली-मिरज सिटी बससारखं आहे हे. तुम्ही स्टँडवर कधीही या, पुढची गाडी सुटेल तेव्हाच निघणार. प्रोग्रामनं शब्द दिला आणि लगेच घड्याळ सुरू केलं, पण शब्द अजून स्टँडवरच बसलाय. कधी दोन मिलिसेकंद, कधी पंधरा. उशीर ठरलेला असता तरी चाललं असतं. आमच्या घरातलं घड्याळ वर्षानुवर्षं दहा मिनिटं पुढं आहे आणि त्यामुळं आजवर कोणाची गाडी चुकलेली नाही. रोज वेगळ्या मिनिटांनी पुढं असतं तर चुकली असती.

इथं मी भाच्याचा प्रोग्राम बाजूला ठेवला आणि सायकोपाय हे मानसशास्त्राच्या प्रयोगांसाठीचं सॉफ्टवेअर घेतलं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या जोनाथन पीअर्स यांनी सुरू केलेलं, पायथॉनवर चालणारं आणि फुकट. शेवटचा गुण आमच्यासाठी पहिला. त्यात चित्र आधी पडद्यामागं तयार होतं आणि 'फ्लिप' म्हटलं की पुढच्या गाडीनं जातं. गाडी सुटली त्याच क्षणी घड्याळ शून्यावर आणायची सोय आहे. मॉनिटरशी पाऊल मिळवून चालणं म्हणतात ते हे. मात्र मग वेळ मिलिसेकंदांत मागायची सवय सोडावी लागते, फ्रेमांत, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राच्या हिशेबात, मागावी लागते. ५०० मिलिसेकंद म्हणजे ३० फ्रेम, १०० म्हणजे ६. आणि १२० हवे असतील तर मिळणार नाहीत. ७ फ्रेमचे ११७ होतात, ८ चे १३३. ज्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर कोणी 'शब्द १२० मिलिसेकंद दाखवला' असं लिहितं, त्यानं तो तेवढा दाखवलेला नसतो. माझ्या जुन्या नोट्समध्ये असं एक वाक्य माझंच आहे.

बटणाचीही तीच तऱ्हा. सायकोपायची बटण वाचायची जुनी पद्धत दर फ्रेमला एकदा डोकावून बघते, म्हणजे पुन्हा १६.७ चा कंगवा. नवीन पद्धतीत बटणाचं काम वेगळं चालतं आणि बटण दाबल्याची वेळ तेव्हाच नोंदली जाते. तरी साध्या यूएसबी की-बोर्डला संगणक साधारण ८ मिलिसेकंदांनी एकदाच हाक देतो, ते राहतंच. ते मी सोडून दिलं. का, ते पुढं सांगते.

मराठीनं वेगळाच घोळ घातला. पहिल्यांदा पडद्यावर 'हिरवा' आला तो 'हरिवा' सारखा दिसला. पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली. 'पिवळा' आणि 'निळा' यांचीही तीच कथा, एकटा 'लाल' शहाण्यासारखा उभा. वर्गातली पोरं खूश झाली, दोन दिवस एकमेकांना 'हरिवा' म्हणत होती. फॉन्ट बदलून पाहिले, कोडिंग तपासलं, आणि मग एका रात्री लक्षात आलं की शब्द अक्षरं म्हणून दाखवायची गरजच नाही. चार शब्द, चार रंग, सोळा चित्रं. मुक्त फॉन्टमध्ये सोळा चित्रं करून ठेवली आणि प्रयोग सुरू व्हायच्या आधीच मेमरीत भरली. त्याचा दुसराही फायदा झाला. ऐन वेळी अक्षरं घडवायला वेळ लागतो आणि गाडी चुकते, ते टळलं.

एवढं करून मी स्वतःवर बेहद्द खूश होते. चुकलेल्या फ्रेमांची नोंद ठेवायची सोय होती, तीही चालू केली. त्यात दिसलं की दुपारी दोनच्या सुमाराला दहा मिनिटं फ्रेमा धडाधड चुकतात. लॅबच्या संगणकांवर अँटिव्हायरसची रोजची तपासणी तेव्हा सुरू व्हायची. ती रात्रीवर ढकलली. वाय-फाय बंद, अपडेट बंद, लॅपटॉप असला तर चार्जर लावलेला. एवढी काळजी घेणारी बाई टीव्हीपाशी येऊन कशी फसली, हा खरा प्रश्न आहे.

फसले ती वेळापत्रकामुळं. सकाळच्या सत्रात संगणक लॅब मोकळी असायची आणि सकाळी येणारी मुलं बहुतेक इंग्रजी माध्यमातली. ती तेवीस जणं लॅबमध्ये साध्या मॉनिटरवर झाली. दुपारी येणारी कला शाखेची मुलं जवळपास सगळी मराठी माध्यमाची, आणि दुपारी लॅबमध्ये परीक्षा सुरू झाल्या. मग डिजिटल क्लासरूम. तिथं भिंतीवर मोठा टीव्ही, त्याला एचडीएमआयच्या वायरीनं माझा लॅपटॉप, आणि बिनवायरीचा की-बोर्ड. शब्दाचा आकार डोळ्याला तेवढाच दिसावा म्हणून मी टेपनं अंतर मोजून खुर्ची मागं घेतली होती. अंतर मोजलं, वेळ मोजली नाही.

आणि मला सांगितलंही होतं. त्या गटात मिरजेचा एक मुलगा होता, लहानपणापासून तबला शिकतो. सरावाच्या फेरीत बटण दाबलं की एक 'टिक्' वाजायची. चार-पाच शब्द झाल्यावर तो थांबला. 'मॅडम, हे टिक् मागनं येतंय बघा. हाताबरोबर नाही.' मी म्हटलं, 'आवाजाकडं लक्ष देऊ नको, रंगाकडं बघ.' त्यानं मान हलवली आणि पुढं चालू केलं. त्याचं वाक्य माझ्या डोक्यात पुढं दोन महिने कुठंतरी पडून होतं.

ते वर आलं गोषवारा पाठवायच्या आदल्या रात्री, तक्ता परत एकदा बघताना. मराठी गट जुळत्या शब्दांना ७० ने हळू, न जुळत्या शब्दांना ७३ ने हळू, नुसत्या रंगीत चौकोनांनाही ७० नेच हळू. आणि शब्द-रंगाचा झगडा, ज्यासाठी सगळा खटाटोप, तो दोन्ही गटांत शंभराच्या आसपास, जवळपास सारखा. आता चौकोनाला माध्यम कुठलं? चौकोन मराठीही नसतो आणि इंग्रजीही नसतो. माणसं खरोखर हळू असती तर अवघड कामात जास्त हळू झाली असती, सोप्यात कमी. हे तर सगळ्यांवर सरसकट ७० चा शिक्का मारल्यासारखं. सरसकट शिक्का यंत्र मारतं.

आता मोजायचं कसं? माणूस मोजमापाला उपयोगाचा नाही, तोच तर वरखाली होतो. हवा होता खोटा प्रयुक्त, जो पडद्यावर उजेड दिसला की बरोबर २०० मिलिसेकंदांनी बटण दाबेल, न थकता, न कंटाळता. आर्डुइनो लिओनार्डो नावाचा हातावर मावणारा बोर्ड मिळतो, तो संगणकाला 'मी की-बोर्ड आहे' असं सांगू शकतो. त्याला उजेड ओळखणारा डोळा जोडायचा. संगणकानं २०० नोंदवले तर उशीर शून्य. जेवढे जास्त नोंदवेल तेवढा पडद्याचा आणि वाटेतल्या सगळ्यांचा मिळून उशीर.

डोळ्यासाठी गणपती पेठेत एका दुकानात गेले. काकांनी दहा रुपयांना एलडीआर दिला, रस्त्यावरचे दिवे संध्याकाळी आपोआप लागतात त्यातला. घरी येऊन जोडला आणि आकडे बघून डोकं धरलं. एकदा २५०, एकदा २३१, एकदा २७०. पडदा बराच वेळ काळा ठेवला तर वेगळं, नुकताच पांढरा होऊन गेला असेल तर वेगळं. दोन दिवस मी मॉनिटरला शिव्या घातल्या. दोष डोळ्याचा होता. एलडीआरला उजेड पडल्यावर जागं व्हायलाच दहा-वीस किंवा त्याहूनही जास्त मिलिसेकंद जातात, आणि आधी किती अंधार होता यावर ते बदलतं. रस्त्याच्या दिव्याला तेवढं चालतं. मग पुण्याहून बीपीडब्ल्यू ३४ हा फोटोडायोड मागवला. तो मायक्रोसेकंदांत उत्तर देतो. काकांना परत जाऊन सांगितलं तर म्हणाले, 'ताई, तुम्ही उजेड ओळखायला मागितला होता, उजेड पळवायला नाही.' बरोबरच होतं.

काळ्या चिकटपट्टीत फोटोडायोड गुंडाळून लॅबच्या मॉनिटरला मधोमध चिकटवला आणि ५०० वेळा काळ्यावर पांढरा चौकोन दाखवला. २२२, २२१, २२३, २२२. शेवटपर्यंत असंच. २२ मिलिसेकंदांचा उशीर, पण कसा, एकदम शिस्तीत. ते आकडे खाली सरकताना बघायला इतकं बरं वाटत होतं की चहा थंड झाला. मग फोटोडायोड वरच्या कोपऱ्यात नेला, ८ ने कमी. खालच्या कोपऱ्यात, ७ ने जास्त. पडदा वरून खाली रंगवत येतो, हे मी वाचलं होतं, पण चिकटपट्टी सरकवली की आकडा सरकतो हे बघणं वेगळं. म्हणजे एका प्रयुक्ताला शब्द वर दाखवला आणि दुसऱ्याला खाली, तर पंधराएक मिलिसेकंदांचा फरक फुकटात मिळाला.

टीव्हीपाशी गेले तेव्हा मामा सोबत होते, आमचे लॅबचे शिपाई. पहिल्यांदा सगळाच गोंधळ. फोटोडायोडला उजेड सतत लुकलुकताना दिसत होता आणि लिओनार्डो काळ्या पडद्यालाही बटणं दाबत सुटला. टीव्हीची ब्राइटनेस कमी ठेवलेली होती आणि ती कमी करण्यासाठी मागचा दिवा झरझर चालू-बंद होतो. डोळ्याला कळत नाही, फोटोडायोडला कळतं. ब्राइटनेस पूर्ण वाढवायची तर रिमोट हवा. 'रिमोट साहेबांच्या कपाटात असतोय, मॅडम,' मामा म्हणाले. साहेब रजेवर. तो दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी रिमोट आला, ब्राइटनेस शंभरावर गेली, आणि लॅपटॉपवर आकडे सरकायला लागले. २८९. २९४. २८६. २९३. सरासरी २९१.

९१ वजा २२. एकोणसत्तर.

मी खुर्चीत बसून राहिले. मामांनी विचारलं, 'काय बिघडलंय का?' मी म्हटलं, 'नाही मामा, सापडलंय.'

टीव्ही चित्र आलं तसं दाखवत नाही. आधी ते धारदार करतो, रंग खुलवतो, हालचाल गुळगुळीत करतो, आणि या सगळ्या शृंगाराला फ्रेमामागून फ्रेमा खर्च होतात. मालिका बघणाऱ्याला त्याचं काही नाही, कारण आवाजही तेवढाच थांबवून सोडतात. तबलजीच्या हाताला मात्र कळलं, कारण हात थांबवता येत नाही. शिवाय मी लॅपटॉपचा पडदा आणि टीव्ही दोन्हींवर एकच चित्र ठेवलं होतं, 'डुप्लिकेट' करून. तसं केलं की प्रोग्राम पाऊल मिळवतो ते एकाच पडद्याशी. म्हणून टीव्हीवरचे आकडे लॅबइतके शिस्तीत नव्हते. टीव्हीच्या मेनूत शोधत शोधत 'गेम मोड' सापडला, तो लावला तर २९१ चे २३१ झाले. साठ मिलिसेकंद एका बटणात. खेळ खेळणाऱ्या पोरांना हे माहीत असतं, मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाईला नव्हतं.

लाज वाटायचं दुसरं कारण आहे. प्रतिक्रिया काल शिकवताना मी दरवर्षी ग्रिनिचच्या वेधशाळेची गोष्ट सांगते. तिथले शाही खगोलशास्त्रज्ञ मॅस्केलाइन यांचा किनेब्रुक नावाचा मदतनीस होता. तारा दुर्बिणीतली तार ओलांडतो त्या वेळा तो घ्यायचा, आणि त्या मॅस्केलाइन यांच्या वेळांपेक्षा ०.८ सेकंदांनी मागं यायला लागल्या. समज देऊन झाली, सुधारणा होईना, १७९६ साली त्याला कामावरून काढलं. पुढं जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी दाखवलं की अनुभवी निरीक्षकांच्या वेळांमध्येही असा फरक असतोच. कोणी आळशी म्हणून नाही, पाहण्याची आणि मोजण्याची ती रीतच तशी आहे म्हणून. वर्गात मी विचारते, 'किनेब्रुकचं काय चुकलं?' मुलं दर वर्षी त्याची बाजू घेतात. मीही घेते. आणि मग मराठी गटाच्या रूपानं गटभर किनेब्रुक गोळा करून मी त्यांच्यावर शिक्का मारायला निघाले होते.

एका सहकाऱ्यानं सोपा उपाय सुचवला. 'मराठी गटातून ६९ वजा करा की, झालं.' मोह झाला, नाही म्हणत नाही. पण लिओनार्डो स्वतःच की-बोर्ड असल्यामुळं बिनवायरीच्या की-बोर्डचा उशीर त्या ६९ मध्ये मोजलेलाच नव्हता. टीव्हीची ब्राइटनेस आणि मोड त्या दिवशी हेच होते याची मला खात्री नव्हती. आणि वजाबाकी करून निघालेल्या उत्तरावर माध्यमाबद्दल विधान करायचं मला धाडस नव्हतं.

आता ८ मिलिसेकंदांचा की-बोर्ड मी का सोडून दिला, ते. एकाच माणसाचे वेळ फेरीगणिक शंभरेक मिलिसेकंदांनी वरखाली होतात. त्यात की-बोर्डची शून्य ते आठ मधली डगमग मिसळली तर शंभराचे शंभर पूर्णांक काहीतरी शतांश होतात, बस. फेऱ्या भरपूर असल्या की ती सरासरीत विरून जाते. आणि जो उशीर कायम सारखा असतो तो एकाच माणसाच्या दोन वेळांची वजाबाकी केली की आपोआप उडतो. म्हणूनच माझ्या प्रयोगात शब्द-रंगाचा झगडा टीव्हीवरही बरोबर आला होता. धोका उरतो तो तिसऱ्याच ठिकाणी. एक गट एका यंत्रावर आणि दुसरा गट दुसऱ्या यंत्रावर बसला, की यंत्राचा फरक गटाचा होऊन बसतो आणि हजार फेऱ्या घेतल्या तरी जात नाही. घड्याळ, फ्रेम, वेलांटी या सगळ्यावर मी महिने घालवले होते. त्यापेक्षा दोन्ही गट एकाच खोलीत बसवले असते तर काम झालं असतं.

परीक्षा संपल्यावर सगळ्यांना परत बोलावलं, सगळ्यांना लॅबमध्ये, त्याच मॉनिटरांवर, वायरीच्या की-बोर्डवर. एकदा केलेला प्रयोग परत केला की हात बसलेला असतो, म्हणून फक्त मराठी गट परत घेऊन चालणार नव्हतं, दोन्ही घेतले. एका गटातले सतरा आले, दुसऱ्यातले एकोणीस. बाकीच्यांना भेळ-भडंग देऊनही जमलं नाही. प्रत्येक संगणकावर आधी लिओनार्डो बसवून मोजलं, आणि ज्या दोन मॉनिटरांचा उशीर इतरांपेक्षा वेगळा निघाला ते बाजूला ठेवले. गटांमधला फरक आला ६ मिलिसेकंद, तोही चाचणीत टिकणारा नाही. गोषवारा मी पाठवलाच नाही.

तबलेवाला मुलगाही आला होता. त्या दिवशी प्रयोग झाल्यावर मीच विचारलं, 'आता टिक् कशी आहे?' तो म्हणाला, 'जवळ आलीय मॅडम, पण अजून हाताबरोबर नाही.'

'टिक्'चा माझ्या निष्कर्षाशी काडीचा संबंध नव्हता. तरी तो गेल्यावर मी मोबाइल की-बोर्डशेजारी ठेवून रेकॉर्डिंग केलं आणि संगणकावर आवाजाची रेघ मोठी करून बघितली. आधी बोटाचा 'टक्' चा उंचवटा, मग सपाट रेघ, मग स्पीकरचा 'टिक्'. मधली सपाट रेघ ६४ मिलिसेकंदांची. विंडोजमधून आवाज बाहेर पडताना वाटेत बऱ्याच ठिकाणी थांबतो, सगळ्या प्रोग्रामांचे आवाज एकत्र कालवले जातात, ते सगळं टाळून साउंड कार्ड एकट्यानं वापरायची सोय सायकोपायमध्ये आहे. ती लावायला संध्याकाळ गेली. रेघ १५ वर आली. त्यातले काही बोटानं बटण टेकण्याचे असणार, कारण 'टक्' वाजतो तो बटण तळाला लागल्यावर.

पुढच्या गुरुवारी तो जर्नलवर सही घ्यायला आला. मी काही न बोलता की-बोर्ड त्याच्यासमोर सरकवला. त्यानं स्पेसबारवर एकदा बोट मारलं, थांबला. परत मारलं. मग जर्नल काखेतून काढून टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हातांच्या बोटांनी त्यावर तिरकिट वाजवायला लागला.